डाव्या कानाची अट

आमच्या गावाने ऐंशीच्या दशकात स्वतःची विमा कंपनी काढली होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसोत बापडे. चामोर्शी तालुक्यातलं जंगलाला चिकटून असलेलं धानाचं गाव, डांबरी रस्ता दोन कोस दूर, आणि म्हणे विमा कंपनी! पण होती. कंपनी हा शब्द आमचा नव्हे, आम्ही तिला बैलमंडळ म्हणायचो. सभासदाचा बैल मेला की बाकीच्यांनी मिळून तो भरून द्यायचा, एवढाच तिचा धंदा. मी तिचा चिटणीस होतो. शाळेत मास्तर, मंडळात चिटणीस, आणि दोन्हीकडे स्वतःला फार शहाणा समजणारा. त्या शहाणपणाचं काय झालं ते मी इतकी वर्षं कुणापुढे काढलं नाही. लाज वाटते हे खरंच, पण लाजेपेक्षा धक्का मोठा आहे. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरेल असं आता वाटतही नाही.

बैलच का, हे धानपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चिखलणीचे पंधरा-वीस दिवस हातचे गेले की वर्ष गेलं. त्या दिवसांत जोडीतला एक मेला तर उरलेला नुसता दावणीला बसून तणीस खाणार. आणि बैलाला मरायला आमच्याकडे कारणांची वाण नव्हती. फऱ्या रोग होता, साप होते, वीज होती, आणि जंगल हाकेवर असल्यामुळे वाघ होता. बँकेच्या कर्जातून घेतलेल्या बैलाचा सरकारी विमा असे, त्याच्या कानात बिल्ला ठोकलेला असे. घरच्या गाईच्या पोटचा बैल मेला तर मात्र विचारणारं कुणी नाही.

मंडळाची कल्पना अध्यक्षांची. म्हणजे पुढे ते अध्यक्ष झाले. तेव्हा नुसते गावातले एक मोठे शेतकरी होते, साठीला टेकलेले, शांत बोलणारे. त्यांच्या शेजाऱ्याचा बैल ऐन चिखलणीत वीज पडून मेला आणि त्या माणसाने पोराला जोखडाला लावलं, तेव्हा त्यांनी चावडीत गाव गोळा केलं. म्हणाले, "सरकार येईन तवा येईन. आपलं आपन करू. ज्याचा बैल मेला त्याच्या धानाच्या बांध्या साऱ्याईनं आपापल्या जोड्या नेऊन चिखलून द्यायच्या. आन सुगी झाली का घरामागं चार पायल्या धान काढायचं. त्याचा नवा बैल." यापेक्षा सोपी विमा कंपनी जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. सगळे तयार झाले. वही कोण लिहिणार, एवढंच राहिलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे पाहणं साधं नव्हतं. आमचं घर बौद्धांचं. माझ्या आजाला त्याच चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलावं लागायचं. त्याच्या नातवाला आता सतरंजीवर बसवून गाव सांगत होतं की आमचं खरंखोटं तू लिही. माझा मोठा भाऊ दाराशी उभा होता. दादाचा चेहरा मी वळून पाहिला आणि लगेच मान खाली घातली, कारण तो रडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

दादाबद्दल सांगायला हवं. मी चौथीत असताना बाप गेला. दादा तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला. त्याने नांगर धरला आणि मला चामोर्शीच्या वसतिगृहात टाकलं. मी मास्तर झालो तो त्याच्या पाठीवर. मंडळासाठी लाल बांधणीची जाड वही त्यानेच बाजारातून आणली आणि तिला प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं. कधी दुपारी ओट्यावर बसून ती उघडायचा, माझ्या अक्षरावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "हे का लिहिलं बाबू?" मी वाचून दाखवायचो. तो मान हलवायचा आणि जपून वही मिटायचा.

पहिली दोन वर्षं मंडळ छान चाललं. मग एका गड्याने लबाडी केली. बैल वाघाने नेला असं त्याने सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला, बांध्या चिखलून दिल्या, धानही दिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी चामोर्शीच्या बाजारात गेलो तर तो मेलेला बैल एका बंडीला जुंपलेला! अर्धं शिंग मोडलेला, कपाळावर चांदा असलेला, तोच. मी बाजाराच्या मधोमध उभा राहून त्या बैलाकडे पाहत राहिलो. गड्याने कबूल केलं, धान परत केलं, अध्यक्षांनी चार शब्द सुनावले, आणि गावाने प्रकरण मिटवलं. गावाचं रागावणं असंच असतं, दोन दिवसांचं. माझं तसं नव्हतं. माझ्या वहीत खोटं लिहिलं गेलं होतं, माझ्या अक्षरात.

मी बँकेच्या विम्याचा छापील कागद मिळवला. त्यात स्पष्ट होतं: मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासकट कान हजर केल्याशिवाय भरपाई नाही. वा! म्हटलं, हेच हवं. बिल्ले आम्हाला परवडणार नव्हते, म्हणून मी सुचवलं की मंडळातल्या प्रत्येक बैलाच्या डाव्या कानाला दोन चिरा द्यायच्या, आणि बैल मेला की तो कान सभेत आणायचा. कान नाही तर बैल नाही. रोगाने मेलेल्या बैलाचा कान कापणं कठीण नव्हतं. प्रश्न वाघाचा होता. सभेत एक विधवा बाई सभासद होती, स्वतः नांगर धरणारी, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "गुर्जी, वाघ कान देते का हो मांगतल्यावर?" सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. मी मास्तरकीच्या आवाजात समजावून सांगितलं की वाघ मागच्या अंगाने खायला लागतो, डोकं तसंच राहतं, पोट भरलं की तो पाण्यावर जातो, तेव्हा जाऊन कान आणता येतो. हे सगळं मी एका पुस्तकात वाचलं होतं! ज्यांच्या बापजाद्यांनी वाघाशेजारी गुरं चारली त्या माणसांना मी वाघ शिकवत होतो. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाये गुर्जीचं," कुणीतरी म्हणालं. "बरोबर हाये," सगळे म्हणाले. मी वहीत लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

आमच्याकडच्या "बरोबर हाये" चा अर्थ कळायला मला फार मोठी किंमत मोजावी लागली. शिकलेल्या माणसाशी आमचा माणूस तोंडावर वाद घालत नाही. तो मान हलवतो, घरी जातो आणि त्याला जे करायचं ते करतो. यात त्याला लबाडी वाटत नाही. समोरच्याचा मान ठेवला एवढंच त्याला वाटतं. मी त्याच गावचा, त्याच मातीतला, आणि मला हे कळू नये! पण वसतिगृहात दहा वर्षं काढून आलेल्या मला गावाची भाषा येत होती, गाव येत नव्हतं.

ठराव झाला त्या आठवड्यात मी घरोघर हिंडून बैलांच्या कानांना चिरा दिल्या. दादा बैलाची वेसण धरायचा, मी पाती चालवायचो. आमच्या स्वतःच्या दोन्ही बैलांना मी सगळ्यांत आधी चिरा दिल्या, लोकांना दिसावं म्हणून.

आणि मग कान यायला लागले. पुढच्या तीन वर्षांत वाघाने नेलेल्या बैलांचे सहा कान आले. पळसाच्या पानात गुंडाळलेले, वाळून कडक झालेले, दोन चिरांचे. मी पान उघडायचो, कान उजेडात धरून पाहायचो, पंचांना दाखवायचो, आणि वहीत लिहायचो: कान पाहिला, खूण बरोबर. एकदा पांढऱ्या बैलाचा कान तांबूस निघाला. मी विचारलं. एक पंच गंभीरपणे म्हणाला, "वाळला का रंग बदलते, गुर्जी." मी तेही मानलं. सहा माणसं वाघाच्या तोंडातून कान घेऊन आली आणि एकाच्याही अंगावर ओरखडा नाही, याचं मला एकदाही आश्चर्य वाटलं नाही. उलट माझी खात्री पटत गेली. पुस्तकातलं खरं आहे, वाघ पाण्यावर जातो, माणूस कान आणू शकतो. त्या सहा कानांनी मला शिकवलं ते हे.

तिसऱ्या वर्षीचे तेंदूपत्त्याचे दिवस होते. शाळेला उन्हाळी सुट्टी. दुपारी गावचा गायकी, म्हणजे सगळ्यांची गुरं जंगलात चारून आणणारा म्हातारा, पळत आमच्या दारात आला आणि धापा टाकत म्हणाला की आमचा बैल नाल्यात वाघाने पाडला. उजव्या अंगाला चालणारा, दादाचा लाडका. दादा मटकन ओट्यावर बसला. वहिनी चुलीपुढून तशीच उठून बाहेर आली. पेरणीला महिनाही राहिला नव्हता.

मलाही वाईट वाटलं होतं. पण त्याच्या जोडीला माझ्या मनात दुसरं काय आलं ते सांगायला हवं, कारण ते सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे. माझ्या मनात आलं की आता गाव पाहील, चिटणीसाच्या घरीही नियम सारखाच असतो. मी म्हणालो, "दादा, कान लागेल."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "आपल्याच घरी नियम मोडला तर उद्या मी कुणाला काय तोंड दाखवू?"

"बरं," दादा म्हणाला. "आनतो."

एवढंच बोलणं झालं. दोघांत मिळून चार वाक्यं. मी ती पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिली, कुठे दुसरं काही बोलता आलं असतं का म्हणून. सगळीकडे आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला. मी उठलो तेव्हा तो गेलेला होता. चहा घेऊन मी ओट्यावर बसलो आणि मंडळाच्या नावे रीतसर अर्ज लिहायला घेतला, दादाच्या वतीने. सुरेख अक्षरात लिहिलं: सभासदाचा बैल वाघाने मारला असून डावा कान सोबत हजर केला आहे. हजर केला आहे, असं लिहून टाकलं, आणि कान यायचा होता! शाई वाळायच्या आत बायांचा ओरडा ऐकू आला.

तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया होत्या त्या, जंगलातून येत होत्या. मधे खाट होती. खाट चार माणसांनी धरली होती आणि तिच्यावर दादा होता. बायांनी नाल्याकडून डरकाळी ऐकली, मग माणसाचा आवाज, आणि सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करून, डबे बडवून वाघाला हटवलं होतं. त्या बायांइतकं धाडस मी आयुष्यात पाहिलं नाही. वाघ बैलापासून दहा पावलांवर झुडपात झोपला होता, असं त्यांतली एक म्हणाली. पाण्यावर गेला नव्हता. पुस्तक वाचलं नव्हतं त्याने.

मी काय पाहिलं ते सगळं लिहीत नाही. खांदा नव्हता, एवढं पुरे. पानांच्या ठेकेदाराची जीप रस्त्यावर उभी होती, तिच्यात घालून आम्ही गडचिरोलीकडे निघालो. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीवर होता पण बोलता येत नव्हतं. त्याचा धड असलेला हात सारखा कमरेकडे जात होता. मला वाटलं तिथेही जखम आहे, मी तो हात धरून ठेवला, हलू दिला नाही. "दादा, हलू नको," म्हणत राहिलो. गडचिरोली यायच्या अलीकडे केव्हातरी तो हात माझ्या हातात निवांत झाला. मला वाटलं, चला, आता जरा आराम पडला. जीप थांबेपर्यंत मी तसंच समजत होतो.

दवाखान्यात त्याचे कपडे माझ्या ताब्यात दिले. धोतराच्या कमरेपाशी एक गाठ होती. मी ती सोडली. आत पळसाचं पान होतं, आणि पानात कान होता.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली, माणसं गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी चावडीत सभा बोलावली आणि मी गेलो. वही घेऊन गेलो, आणि कानही घेऊन गेलो. आज वाटतं, कसा गेलो? पण मला काही कळत नव्हतं. सभा म्हणजे वही आणि कान, एवढंच डोक्यात शिल्लक होतं. कुणी काही बोलायच्या आत मी पान सतरंजीवर ठेवलं, उघडलं, आणि सवयीप्रमाणे कान उजेडात धरला.

त्या दोन चिरा मीच दिल्या होत्या, तीन वर्षांपूर्वी. आता त्या भरून आल्या होत्या. कडा गोल झाल्या होत्या आणि कडांवर बारीक केस उगवले होते. जिवंत जनावराच्या कानाला दिलेली चीर अशीच होणार, दुसरं काय होणार? मी त्या केसांवरून बोट फिरवलं. आणि मला बाकीचे सहा कान आठवले. एकाचीही कड अशी नव्हती. सगळ्या चिरा सरळ होत्या, धारदार, चामड्यावर पाती ओढल्यासारख्या.

मी मान वर केली. "त्या कानांच्या चिरा ताज्या होत्या," मी म्हणालो. "सहाच्या सहा."

अध्यक्ष सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेलो आणि एकेक जण नजर खाली घालत गेला. दाराशी बसलेला गायकी एकाएकी रडायला लागला.

"गुर्जी, ते कान मी देल्ले होते," तो म्हणाला. "मेलेल्या गाईचे. कोनाची मेली का कापून ठेवत होतो, पातीनं चिरा मारून छपरावर वाळवत होतो. कोनाकडून काई घेतलं नाई जी. तुमच्या बुद्धाची शपथ घेतो, का माह्या देवाची घेतो."

"बैल खोटे नव्हते, गुर्जी," अध्यक्ष घाईने म्हणाले. "साही बैल वाघानंच नेले. मी सोता पाहून राह्यलो होतो, लांबून. कानच तेवढे..."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरंखुरं नवल होतं. "आमाले वाटलं तुमाले मालूम हाये," ते म्हणाले. "एवढे शिकले तुमी. शेतकऱ्याच्या घरचे. गाईचा कान तुमाले समजत नाई का? आमाले वाटलं, कागद सरळ राहाव म्हनून गुर्जीनं अट टाकली, आन समजून उमजून लिहून घेऊन राह्यले."

मला वाटतं त्या क्षणी मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सहा वेळा त्या माणसांनी माझ्यासमोर गंभीर चेहऱ्याने गाईचा कान धरला होता, आणि तेव्हा ते मला फसवत नव्हते! त्यांना वाटत होतं की मी त्यांना सामील आहे. माझं भिंगातून पाहिल्यासारखं पाहणं, खूण बरोबर असं मोठ्याने वाचणं, हे सगळं त्यांना माझं छान वठलेलं सोंग वाटत होतं. गावात एक माणूस असा होता ज्याचा त्या कानांवर विश्वास होता, आणि त्याच्या हातात वही होती.

"मग दादा?" मी म्हणालो. "त्याला का जाऊ दिलं?"

"मी नेऊन देल्ला होता जी कान," गायकी हुंदके देत म्हणाला. "त्याच दिवशी, पोहरभर दिस राह्यला होता तवा. तुमच्या घरामागं. तयार होता माह्याजवळ. त्यानं वापस केला. म्या म्हनलं, काऊन गा? तं म्हने, राहू दे. मले का मालूम का तो खरंच जाईन म्हनून?"

फटकळ बाई पदर तोंडात धरून बसली होती. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की कानाची अट आजपासून रद्द, कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्या भावाचा जीव घेणारा नियम इतक्या सहज निघून गेला, कुणी आवाज चढवला नाही, कुणी हातही वर केला नाही. असा तो कधीही निघाला असता. त्या दुपारी ओट्यावर मी एकट्याने म्हटलं असतं तरी निघाला असता. मी वही अध्यक्षांपुढे सरकवली आणि म्हणालो, दुसरा चिटणीस करा. त्यांनी ती तशीच माझ्याकडे परत सरकवली. "कोन लिहीन, गुर्जी?" ते म्हणाले. मी ती तिथेच टाकून उठून आलो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती वेष्टणासकट आमच्या ओट्यावर आणून ठेवली.

मंडळ पुढे बरीच वर्षं चाललं. ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले तसं ते आपोआप बंद पडलं. शेवटपर्यंत त्याच्या नावावर एकही भांडण नाही, आणि माझ्या अटीनंतर एकही खोटा दावा नाही. या गोष्टीचा मला एकेकाळी अभिमान वाटला असता.

त्या वर्षी चिखलणीच्या दिवसांत आमच्या बांध्यांवर अकरा जोड्या आल्या. मी कुणाला बोलावलं नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी यायचंच होतं, पण नियमाने इतक्या येत नसत. अध्यक्ष स्वतः नांगर धरून चिखलात उतरले, त्या वयात. चामोर्शीच्या बाजारात बैल विकणारा तो गडीही जोडी घेऊन आला होता. मी धुऱ्यावर उभा राहून त्या माणसांकडे पाहत होतो. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं याचाच मला धक्का बसला होता.

वहिनी सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. दादा गेल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. रागाने नाही, ती कुणाशीच बोलली नव्हती. कळशी खाली ठेवून ती माझ्यापासून थोडी दूर बसली. मला राहवलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "गायक्याने कान आणून दिला होता. दादाने का नाही घेतला?"

ती बांधीतल्या बैलांकडे पाहत होती. म्हणाली, "मी म्हनलं होतं त्यायले, घेऊन घ्या. सारेच घेते. तं म्हने, त्यायचं चालून जाते, आपलं नाई चालत. उद्या कोनाचं कोनाशी भांडन झालं, तं पयले म्हनतीन का यायच्याच घरी खोटा कान निंगाला. मंग बाबूच्या हातातली वही जाईन."

अध्यक्षांनी बांधीतून हात वर करून पाणी मागितलं. वहिनी उठली, कळशी कमरेवर घेतली, आणि तशीच उभी राहिली.

"मी म्हनलं, मंग भाऊजीले सांगा ना," ती म्हणाली. "सांगा का सारेच कान खोटे हायेत. ते तुमाले जाऊ नाई देनार. तं माह्यावर चिडले. म्हने, त्याले नोको सांगू. मोठ्या हौसेनं लिहिते तो."